ग्रुपची सूत्रं सोपवताना न्याय कसा राखायचा? नाशिकच्या ग्रुपसाठी एक मसुदा

१. गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमधले बरेच ग्रुप आता आठ-दहा वर्षांचे झालेत. कॉलनीचे, ट्रेकचे, सायकलवाल्यांचे, द्राक्ष बागायतदारांचे, गंगापूर धरणाच्या विसर्गाची खबर देणारे. ज्यांनी ते सुरू केले त्यातले काही दमलेत, काही पुण्याला गेलेत, काहींना वेळ उरलेला नाही. सूत्रं बदलायची वेळ सगळीकडे साधारण एकदमच आलीय आणि भांडणंही तिथेच लागतायत. म्हणून एक मसुदा मांडतो. त्यातल्या उणिवा स्पष्ट दाखवा.

माझं मुख्य म्हणणं असं की पद देणं आणि चावी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा माणूस अॅडमिन झाला, टाळ्यांचे इमोजी पडले, पण ग्रुप तयार करणाऱ्याचा विशेष हक्क, पासवर्ड परत मिळवायचा ईमेल, सभासदांची यादी असलेली गुगल शीट हे सगळं जुन्याकडेच राहिलं, तर हस्तांतर झालंच नाही. काम नव्याने करायचं आणि हुकूम जुन्याचा. सभासदांवरही तो अन्याय, कारण दाद कुणाकडे मागायची हेच त्यांना कळत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत समिती बदलली की इतिवृत्ताचं पुस्तक, सभासद नोंदवही, बँकेचे कागद, किल्ल्या असं सगळं दप्तर यादी करून, सही घेऊन नव्यांकडे द्यायचं असतं. ग्रुपलाही तसं दप्तर आहे. त्यात धरा: मालकीचा हक्क, खात्यांचे ईमेल आणि त्यांचे रिकव्हरी नंबर, चालू इन्व्हाईट लिंक आणि त्यांचे क्यूआर कुठे कुठे चिकटवलेत त्या जागा, काढलेल्या सभासदांची यादी कारणासकट, अडून राहिलेल्या प्रवेश-विनंत्या, नियमांचा शेवटचा मजकूर, फॉर्म आणि शीट, वर्गणीचा हिशेब, वेबसाईट असेल तर डोमेन, म्हणजे साईटचा नोंदवलेला पत्ता.

प्रक्रिया अशी सुचवतो. आधी ग्रुपवर १५ दिवसांची सूचना, त्यात किती जागा रिकाम्या होतायत ते. त्या मुदतीत इच्छुकांनी नावं द्यायची. पुढचे ७ दिवस हरकतींसाठी. नावं जागांपेक्षा जास्त आली तरच मतदान. मग ३० दिवस जुने-नवे दोघंही अॅडमिन. त्या ३० दिवसांत कुणालाही काढायचं किंवा कुणाची पोस्ट हटवायची असेल तर दोघांची संमती लागेल. शेवटी दप्तराची यादी ग्रुपवर टाकायची, पासवर्ड सोडून, आणि जुन्यांनी बाजूला व्हायचं. अॅडमिन कमीत कमी तीन, आणि तिघं एकाच इमारतीतले, एकाच दुकानाचे किंवा एकाच पक्षाचे नसावेत.

२. सातपूर_सेकंडशिफ्ट

मसुदा चांगला आहे. व्हॉट्सअॅपपुरते काही तांत्रिक मुद्दे घालतो, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कोणताही अॅडमिन दुसऱ्या कोणत्याही अॅडमिनचं अॅडमिनपद काढू शकतो. अपवाद एकच, ज्याने ग्रुप तयार केला तो. त्याला कुणी काढू शकत नाही आणि तो स्वतः बाहेर पडेपर्यंत अॅडमिनच राहतो. मालकी दुसऱ्याच्या नावावर करायचं बटण साध्या ग्रुपमध्ये नाही. म्हणून तुमच्या 'जुन्यांनी बाजूला व्हायचं' याचा अर्थ नेमका लिहा: तयार करणाऱ्याने एकदा ग्रुपमधून बाहेर पडायचं आणि नव्या अॅडमिनने त्याला साधा सभासद म्हणून परत घ्यायचं. अॅडमिनपद नुसतं तोंडी सोडून चालत नाही.

बाहेर पडण्याआधी निदान दोन अॅडमिन नेमलेले आहेत ना ते ग्रुप इन्फोमध्ये बघून घ्या. एकमेव अॅडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सअॅप आपणहून कुणातरी सभासदाला अॅडमिन करतं. तो कोण असेल ते आपल्या हातात नाही. ९०० जणांच्या ग्रुपची सूत्रं अशा वेळी अगदी अनोळखी माणसाकडे जाऊ शकतात.

पुढचा क्रम असा. इन्व्हाईट लिंक रीसेट करा. जुनी लिंक कुणाकुणाकडे गेलीय ते कळायला मार्ग नसतो. रीसेट केली की लिफ्टशेजारच्या आणि दुकानातल्या फलकावरचे जुने क्यूआर चालेनासे होतात, म्हणून नवे छापून तयार असतील त्याच दिवशी रीसेट करायचं. नवे सभासद अॅडमिनच्या मंजुरीनेच यावेत ही सेटिंग चालू करा. सभासद कोण जोडू शकतो, ग्रुपचं नाव कोण बदलू शकतो, संदेश कोण पाठवू शकतो या तिन्ही सेटिंग हस्तांतराच्या दिवशी जशा आहेत तशा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. नंतर कुणी गुपचूप बदलल्या तर कळतं.

काही ग्रुप 'ग्रुपचा नंबर' म्हणून वेगळं सिम घेतात आणि तेच हातोहात फिरवतात. हे टाळा. सिम कुणाच्या तरी केवायसीवर असतं, म्हणजे डुप्लिकेट सिम काढायचा हक्क कायम त्याच माणसाकडे राहतो. ९० दिवस वापर नसला तर सिम बंद पडू शकतं, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. व्हॉट्सअॅप खातंही साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. तरीही असं सिम वापरतच असाल तर फोन हातात घेतल्याबरोबर लिंक्ड डिव्हाइस उघडून सगळे संगणक लॉगआउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आणि त्याच्यामागचा ईमेल दोन्ही बदला. पिन बदलून ईमेल जुनाच ठेवला तर पिन परत मिळवता येतो.

३. निफाड_बागाईत

द्राक्षाच्या ग्रुपबद्दल लिहितो. तिथे न्यायाचा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण अॅडमिनच्या हातात पैशाचा खेळ असतो.

ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पुढचे दीड-दोन महिने ग्रुप दिवसरात्र चालतो. पाऊस आला, डाऊनी (केवडा रोग) दिसली, कोणतं औषध मारू, किती दिवसांनी, फुलोऱ्यात चालेल का. जो अॅडमिन कृषी सेवा केंद्र चालवतो किंवा एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी आहे, त्याच्या मालाविरुद्धची पोस्ट त्याच्याच हाताने डिलीट होऊ शकते. २०२२ पासून व्हॉट्सअॅपवर अॅडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तिथे अॅडमिनने हटवला एवढीच खूण राहते, मजकूर गेलेला असतो. युरोपला माल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने हे साधं नाही. निर्यातीच्या बागेत औषधांची शिफारस अॅनेक्श्चर ५ च्या यादीनुसार (निर्यातीच्या द्राक्षाला चालणारी औषधं) आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर, पाळूनच चालते. एखाद्याने 'हे औषध यादीत नाही' असं लिहिलं आणि ते दहा मिनिटांत उडालं, तर मधल्या वेळात फवारणी करून मोकळा झालेला माणूस मालातल्या औषधाच्या अवशेषांच्या तपासणीत अडकतो.

दुकानदाराला अॅडमिन करूच नये असं मी म्हणत नाही. औषधांची माहिती त्यांनाच चांगली असते. पण तीन गोष्टी मसुद्यात घाला. नाव देताना धंदा लिहायचा: दुकान, कंपनी, निर्यातदार, रोपवाटिका, काय असेल ते. अशा अॅडमिनची संख्या एकूण अॅडमिनच्या निम्म्यापेक्षा कमी. आणि स्वतःच्या मालाबद्दलच्या पोस्टला त्याने हात लावायचा नाही, ते दुसऱ्या अॅडमिनने बघायचं.

आणखी एक, वेळ. गोडी छाटणी ते काढणी, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, सूत्रं बदलू नका. खरड छाटणीनंतर (काडी वाढवण्यासाठीची उन्हाळी छाटणी) काडी तयार झाली की जुलै-ऑगस्टमध्ये ग्रुप शांत असतो. शिकायला तोच काळ बरा.

४. दुतोंड्या_मारुती

नदीकाठच्या ग्रुपचं नेमकं उलटं आहे. जून ते सप्टेंबर अजिबात हात लावायचा नाही. रामकुंडावर पाणी वाढत असताना विसर्गाचे क्युसेकचे आकडे कोण टाकणार आणि जुने व्हिडिओ कोण हटवणार यावर ३० दिवसांची दुहेरी व्यवस्था कोलमडते, कारण हटवणाऱ्या अॅडमिनला दुसऱ्याची संमती घ्यायला वेळ नसतो. आमच्यासारख्यांनी हस्तांतर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं.

त्यामुळे मसुद्यात एकच तारीख न घालता 'ग्रुपच्या कामाचा हंगाम सोडून' असं लिहा. कुंभमेळ्याशी संबंधित ग्रुपनीही हे आत्ताच ठरवावं. २०२७ च्या पर्वण्यांच्या तोंडावर सूत्रं बदलणं परवडणारं नाही.

५. मेनरोड

मतदानाला माझा विरोध आहे. सविस्तर लिहितो.

पहिलं, ९०० च्या ग्रुपमध्ये मत देणारे शंभर-दीडशे निघाले तरी खूप. दुसरं, सूचनेनंतरच्या १५ दिवसांत लिंक फिरवून स्वतःची माणसं भरता येतात. प्लॉट विकणारे आणि निवडणुकीला उभं राहणारे यांना हे उत्तम जमतं. कॉलनीचा ग्रुप ताब्यात आला की गंगापूर रोड किंवा पाथर्डीकडच्या प्लॉटची जाहिरात फुकटात रोज हजार घरांत जाते. तिसरं, व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये कोणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. शेजाऱ्याविरुद्ध उघड मत कोण देणार? आणि मत शेवटपर्यंत बदलता येतं, म्हणून आकडे बघून लोक फिरतात.

त्यापेक्षा हरकतीची पद्धत ठेवा. चालू अॅडमिननी नावं सुचवायची, ७ दिवस थांबायचं, कारणासह हरकत आली तर त्यावर चर्चा. हरकत नसेल तर नेमणूक.

६. गोदाकाठ (धागाकर्ता)

मेनरोड, तुमच्या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण चालू अॅडमिननीच नावं सुचवायची म्हटलं की सूत्रं त्याच चार जणांच्या मित्रमंडळात फिरत राहतात. जो इतकी वर्षं नियमाने वागला, मदत करत राहिला, पण त्यांच्या बैठकीतला नाही, त्याचं नाव कधीच येणार नाही. माझा आक्षेप एवढाच की जाणाऱ्याने वारस ठरवू नये.

याचं मोठं उदाहरण पायथन या संगणक भाषेचं. ती तयार करणारे गिडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये बाजूला झाले तेव्हा त्यांनी वारस नेमला नाही, कारभार कसा चालवायचा ते बाकीच्यांनीच ठरवावं असं सांगितलं. त्यातून पाच जणांची सुकाणू परिषद आली आणि त्या पाचांपैकी एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त असू नयेत असा नियम झाला. आपल्याकडे 'एकाच मालकाकडे' ऐवजी 'एकाच दुकानाचे, एकाच पक्षाचे' वाचा.

मतदारयादीसाठी सोपा उपाय आहे. सूचना टाकण्याआधी सभासदांची पूर्ण यादी स्क्रीनशॉट काढून जपायची. त्या यादीत जे आहेत त्यांनाच मत. नंतर आलेले सभासद राहतील, पण या वेळी मतदार नाहीत.

७. चावडीवरचा

विकिपीडियाच्या पद्धतीतून घेण्यासारखं बरंच आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे प्रचालकपदासाठी (प्रचालक म्हणजे तिथला अॅडमिन) नाव आलं की लोक उघड कौल देतात आणि कारण लिहितात. गुप्तता नाही, पण नुसत्या आकड्यापेक्षा कारणाला वजन असतं. मेनरोड यांची हरकतीची कल्पना याच्या जवळ जाते.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. एक म्हणजे निष्क्रियतेचा नियम. विकिमीडिया प्रकल्पांवर एखाद्या प्रचालकाने दोन वर्षं एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती केली नाही, तर त्याला विचारणा होते आणि महिन्याभरात उत्तर नाही आलं तर अधिकार काढले जातात. यात अपमान नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आणि आधीपासून लिहिलेला. आपल्या ग्रुपसाठी दोन वर्षं फार झाली, सहा महिने ठेवा.

दुसरी, सदस्यांची तांत्रिक माहिती तपासू शकणारे अधिकारी एखाद्या विकीवर नेमायचे तर किमान दोन नेमावे लागतात, नाहीतर एकही नाही. म्हणजे एकावर दुसऱ्याची नजर राहते. सभासदांचे पत्ते आणि फोन असलेल्या शीटला नेमकं हेच लावा. ती कधीही एका माणसाच्या खात्यात नको आणि 'लिंक असलेला कुणीही बघू शकतो' या सेटिंगवर तर मुळीच नको.

८. पसंतीक्रम

मतदान करायचंच तर कसं, यावर कुणी लिहिलं नाही. अन्याय तिथेच शिरतो.

समजा तीन जागा आहेत, २०० जणांनी मत दिलं आणि प्रत्येकाला तीन मतं आहेत. १०१ जणांच्या गटाने ठरवून तीन नावांवर शिक्का मारला तर तिन्ही जागा त्यांच्या. उरलेल्या ९९ जणांचा एकही अॅडमिन नाही. बाहेरून निवडणूक निर्मळ दिसते, पण जवळपास निम्मा ग्रुप आवाजाविना राहतो.

तीन जागांसाठी प्रत्येकाला एकच मत, पण पसंतीक्रमाने द्या. नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात लोक १, २, ३ असे आकडे लिहून मत देतात, तसंच. निवडून यायला लागणारा कोटा असा काढतात: एकूण मतांना जागा अधिक एक या संख्येने भागायचं, त्यात एक मिळवायचा. २०० भागिले ४ म्हणजे ५०, अधिक १, म्हणजे ५१. ज्याला पहिल्या पसंतीची ५१ मतं मिळाली तो निवडून आला. त्याची जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. कुणी कोटा गाठला नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. ९९ जणांच्या गटाला यात एक जागा नक्की मिळते. स्टॅक एक्स्चेंजच्या प्रश्नोत्तरांच्या साईटवर नियंत्रक निवडायलाही याच जातीची पद्धत वापरतात.

गुगल फॉर्ममध्ये ग्रिड प्रकारचा प्रश्न घ्या, आडव्या ओळीत उमेदवार आणि उभ्या रकान्यात पसंती. 'प्रत्येक रकान्यात एकच उत्तर' ही अट चालू करा, नाहीतर लोक दोघांनाही पहिली पसंती देतात. एका खात्यातून एकच प्रतिसाद ही मर्यादा लावा. फॉर्म उमेदवाराच्या खात्यातून कधीच नको, कारण मालकाला उत्तरं येताना दिसतात आणि पुसताही येतात. २०० मतांची मोजणी दोन माणसं शीट समोर ठेवून तासाभरात करतात. मोजणीची शीट, नावं आणि ईमेल काढून, सगळ्यांना बघायला द्या.

९. मेनरोड

पसंतीक्रम, हे पटलं. पहिल्या प्रतिसादात मी एकगठ्ठा मतदान डोळ्यांसमोर ठेवून बोलत होतो. अशी पद्धत असेल आणि मतदारयादी सूचनेच्या आधी गोठवली असेल तर माझा विरोध नाही. दोनशेच्या आतल्या सोसायटी ग्रुपला मात्र हरकतीची पद्धत पुरे. तिथे एवढी यंत्रणा उभी केली तर पुढच्या वेळी नावंच येणार नाहीत.

१०. अंजनेरी_कडा

टेलिग्रामबद्दल. ट्रेकचे मोठे ग्रुप तिकडे आहेत. तिथे मालक एकच असतो, पण मालकी खरोखर दुसऱ्याच्या नावावर करता येते. आधी नव्या माणसाला अॅडमिन करून सगळे अधिकार द्यायचे, मग त्याच्या अधिकारांच्या पानावर तळाशी मालकी देण्याचा पर्याय येतो. अट अशी की देणाऱ्याच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन किमान ७ दिवस आधी सुरू केलेलं हवं आणि त्या फोनवर लॉगिन होऊन २४ तास झालेले हवेत. लोक शेवटच्या दिवशी बसतात आणि मग आठवडाभर अडकतात. सूचना टाकाल त्याच दिवशी हे चालू करा.

टेलिग्रामवर अॅडमिननी काय काय केलं त्याची नोंद 'रिसेंट अॅक्शन्स'मध्ये दिसते, पण ती फक्त ४८ तासांची. दुहेरी ३० दिवसांत एक दिवसाआड तिचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. आणि बॉट, म्हणजे आपोआप काम करणारं खातं, तपासा. नव्या सभासदाला प्रश्न विचारणारा, स्पॅम काढणारा बॉट कुणाच्या खात्यातून बनवलाय? बॉटचं टोकन, म्हणजे तो चालवायची चावी, जुन्याकडे असेल तर मालकी देऊनही तो बॉटमार्फत सभासद काढू शकतो. नवं टोकन काढून घ्या किंवा बॉट काढून टाका.

फेसबुक ग्रुपमध्ये वेगळा सापळा आहे. तिथे फेसबुक पेजलाही ग्रुपचं अॅडमिन करता येतं. माणसं बदलली आणि पेज तसंच राहिलं तर पेज ज्याच्या ताब्यात, ग्रुप त्याच्या ताब्यात. अॅडमिनच्या यादीत माणसांच्या नावांखाली पेज आहे का ते मुद्दाम बघा. नव्यांना आधी महिनाभर मॉडरेटर ठेवा, कारण मॉडरेटर पोस्ट आणि सभासद सांभाळू शकतो पण अॅडमिनना हात लावू शकत नाही. अॅडमिन लगेच केलंत तर तो बाकीच्या अॅडमिनना काढू शकतो.

ट्रेकच्या ग्रुपला पैशाचाही भाग असतो. हरिहरच्या ट्रेकचं आगाऊ घेतलेलं प्रत्येकी शुल्क एखाद्याच्या खासगी यूपीआयवर पडलेलं असतं. सूत्रं सोपवायच्या आधी जमा, खर्च, शिल्लक आणि परत द्यायची रक्कम असे चार आकडे ग्रुपवर आले पाहिजेत. ते न येता पद सोडलं की पैसे मागायला लोक नव्याच्या दारात उभे राहतात.

११. सर्व्हररूम

स्वतःची वेबसाईट किंवा चर्चामंच असलेल्यांसाठी फ्रीनोडचं उदाहरण बघा. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं ते मोठं गप्पांचं जाळं, स्वयंसेवक चालवायचे. २०१७ मध्ये त्यामागची कंपनी अँड्र्यू ली यांच्याकडे गेली, रोजचं काम स्वयंसेवकांकडेच राहिलं. मे २०२१ मध्ये ताबा कुणाचा यावरून वाद पेटला आणि बहुतेक स्वयंसेवक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांनी १९ मेला लिबेरा चॅट हे नवं जाळं सुरू केलं. बरीच वर्षं काम केलेली माणसं बरोबर आली, पण नाव आणि डोमेन मागे राहिलं.

म्हणून डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) न्यायचं असेल तर लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे हलवायचा परवाना-कोड, घ्यावा लागतो. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नव्याने घेतलं असेल किंवा नुकतंच हलवलं असेल तर साधारण ६० दिवस ते हलवता येत नाही. एकाच रजिस्ट्रारकडे खात्यातून खात्यात ढकलणं सोपं आणि लवकर होतं. नूतनीकरणाचे ईमेल कुणाला जातात तेही बदला. नाहीतर जुन्या माणसाच्या स्पॅममध्ये ते पडून राहतात आणि एक दिवस साईट बंद दिसते.

मंच दुसऱ्याच्या जागेवर असेल तर आपल्या नियमांच्या वर त्या कंपनीचे नियम असतात हेही ध्यानात ठेवा. जून २०२३ मध्ये एपीआयच्या (बाहेरच्या अॅपना साईट जोडायची सोय) दरांविरुद्ध रेडिट या चर्चेच्या साईटवरचे हजारो उपमंच बंद ठेवले गेले. तेव्हा उघडायला नकार देणाऱ्या नियंत्रकांना बदलू शकतो हे कंपनीने दाखवून दिलं. तुमच्या सभासदांची ईमेल यादी, त्यांच्या संमतीने, बाहेर कुठेतरी असेल तरच मंच हलवता येतो.

१२. दाद

काढलेल्या सभासदांच्या यादीबद्दल थोडं. गोदाकाठ यांनी ती दप्तरात धरली हे फार बरं केलं. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: तारीख, कोणता नियम मोडला, ज्या संदेशावरून काढलं त्याचा स्क्रीनशॉट, आणि बंदी कायमची की मुदतीची. कारण नसलेली नावं नव्या अॅडमिननी पहिल्या महिन्यात पुन्हा तपासावीत. जुन्या भांडणाचा राग नव्यांनी आपल्या डोक्यावर का घ्यायचा?

आणि दाद ऐकणारा तोच नको ज्याने काढलं. तीन अॅडमिन असले की हे जमतं, एक असला की कधीच जमत नाही.

अॅडमिन व्हायला लोक घाबरतात त्याचं एक कारण पोलीस केसची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. नावं मागवताना ही माहिती सूचनेतच घाला. चांगली माणसं पुढे येतील.

१३. निफाड_बागाईत

एक सुचवतो. सूत्रं घेणाऱ्याने पहिले सहा महिने ग्रुपचं नाव, विषय आणि जाहिरातीचे नियम बदलायचे नाहीत. ग्रुप विकत घेणारे नेमकं हेच करतात. आठवडाभर गप्प राहतात, मग नाव बदलतं, आणि बागेच्या ग्रुपमध्ये कर्जाच्या जाहिराती सुरू होतात. सभासद बागेसाठी आले होते, त्यांना विचारल्याशिवाय विषय बदलायचा हक्क कुणालाही नाही.

१४. कॉलनीची_सून

आमच्या भागात कॉलनीचे पाच-सहा ग्रुप मिळून एक व्हॉट्सअॅप कम्युनिटी आहे. तिलाही बाहेर पडून परत यायचा सातपूर यांचा उपाय चालतो का? आणि ज्यांनी ग्रुप केला ते वारले असतील आणि त्यांचा नंबर बंद असेल तर काय?

१५. सातपूर_सेकंडशिफ्ट

ताई, कम्युनिटीला तो उपाय लागत नाही. तिथे मालक नुसता बाहेर पडू शकत नाही. आधी कम्युनिटीच्याच एखाद्या अॅडमिनला मालकी द्यावी लागते, कम्युनिटी इन्फोमध्ये नवा मालक नेमायचा पर्याय आहे. मालकाने रागाच्या भरात कम्युनिटी बंद केली तर घोषणांचा ग्रुप संपतो, पण आतले ग्रुप सुटे होऊन चालू राहतात. त्या प्रत्येक ग्रुपचा तयार करणारा वेगळा असू शकतो, म्हणून कम्युनिटीची मालकी बदलल्यावर पाच-सहा ग्रुप एकेक करून ग्रुप इन्फोच्या तळाशी कुणी तयार केला ते बघा आणि जिथे लागेल तिथे बाहेर पडून परत यायची पद्धत वापरा.

दुसऱ्या प्रश्नाचं. ग्रुपमध्ये आणखी अॅडमिन असतील तर घाई नको. खातं पुसलं गेलं की तो नंबर ग्रुपमधून आपोआप निघतो. एकच अॅडमिन होते आणि ते गेले, तर घरच्यांशी आधी बोला. सिम चालू असेल आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांनी स्वतःच त्या फोनवरून दोन जणांना अॅडमिन करावं. पाच मिनिटांचं काम आहे, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, खासगी गप्पा उघडायची वेळ येऊ देऊ नका. सिम बंद झालेलं असेल तर नवा ग्रुप करा, जुन्यात त्याची लिंक आणि कारण टाका, दोन आठवडे रोज एकदा. जे येत नाहीत त्यांना कुणीतरी दार ठोठावून सांगायचं. ज्येष्ठ मंडळी लिंक दाबत नाहीत.

जी गुगल शीट आणि फॉर्म त्यांच्या खात्यात अडकलेत त्यांची प्रत, उघडत असेल तोवर, लगेच करून घ्या. गुगल दोन वर्षं न वापरलेली खासगी खाती पुसू शकतं. आणि जे हयात आहेत त्या सगळ्या अॅडमिननी गुगलचं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आजच भरावं. ३ ते १८ महिन्यांतली मुदत निवडता येते आणि विश्वासातली १० पर्यंत माणसं नेमता येतात. ग्रुपच्या शीटसाठी दुसऱ्या एका अॅडमिनचं नाव घाला, घरच्या माणसाचं वेगळं.

१६. गोदाकाठ (धागाकर्ता)

सुधारित मसुद्यात घेतलेले बदल: तयार करणाऱ्याने बाहेर पडून साधा सभासद म्हणून परत येणं, लिंक रीसेट आणि सेटिंगचे स्क्रीनशॉट, धंदा जाहीर करणं आणि स्वतःच्या मालाच्या पोस्टला हात न लावणं, हंगाम सोडून हस्तांतर, मतदारयादी सूचनेआधी गोठवणं, दोनशेच्या वर सभासद असतील तर पसंतीक्रमाचं मतदान, खाली असतील तर हरकत, सहा महिने निष्क्रिय राहिल्यास पद रिकामं, बंदीच्या नोंदीत चार गोष्टी, पैशाचे चार आकडे, सहा महिने नाव-विषय न बदलणं. बॉट, पेज आणि डोमेन दप्तराच्या यादीत गेलेत.

दुहेरी ३० दिवसांत दोघांची संमती लागते तिथे दुतोंड्या_मारुती यांची अडचण धरून एक अपवाद टाकलाय. अफवा, जुना पुराचा व्हिडिओ, फसवणुकीची लिंक यांपैकी काही असेल तर कोणताही एक अॅडमिन लगेच हटवेल, आणि हटवलेल्याचा स्क्रीनशॉट तासाभरात अॅडमिनच्या वेगळ्या ग्रुपवर टाकेल. सभासदाला काढायला मात्र दोघं लागतीलच.

कॉलेज रोड आणि इंदिरानगरच्या ज्या ग्रुपना हा मसुदा वापरायचाय त्यांनी इथून उचलून आपापल्या सभासद संख्येप्रमाणे मुदती बदलून घ्याव्यात, आणि बदललेल्या मुदती सूचनेच्या पहिल्याच ओळीत लिहाव्यात.